नांतच्या हवेल्यांचा पैसा कुठनं आला तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या नांत शहरावर आख्खं पान आलंय, फोटो छान आहेत, लिहिणाऱ्यानं मन लावून लिहिलंय हेही दिसतं, पण पान वाचून संपलं तरी जी एक गोष्ट यायला पाहिजे होती ती आलीच नाही. इल फेदो बेटावरच्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या, पांढऱ्या दगडाच्या भिंती, बाल्कन्यांची लोखंडी नक्षी, खिडक्यांवर कोरलेले दगडी चेहरे, सगळ्याचं वर्णन आहे. आणि ती घरं बांधणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल काय तर धाडसी होते, दर्यावर्दी होते, रसिक होते. ते व्यापार कसला करत होते हे कुठंच नाही. ते माणसं विकत होते साहेब. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं घ्यायची, जहाजात कोंबायची आणि कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळेवाल्यांना विकायची, हा त्यांचा धंदा आणि त्या धंद्यातून ती घरं उभी राहिली. हे न सांगता त्या घरांवर कुणी लिहू नये एवढंच माझं म्हणणं आहे, पण का ते नीट सांगायला थोडी जागा लागेल, जमलं तर पत्र न कापता छापा.

मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो, रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात आयुष्य गेलं. मुलगी नोकरीला नांतमध्ये असते म्हणून ते शहर बघायला मिळालं. मोठं घर दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हाच की एवढी रक्कम जमेला आली कुठनं. नांतमध्ये हा प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही कारण त्या शहरानं उत्तर रस्त्यावरच लिहून ठेवलंय. तुमच्या लेखकाच्या पायाखालून ते उत्तर गेलं असणार, म्हणून जास्त वाईट वाटलं.

के द ला फोस म्हणून ल्वार नदीच्या काठानं मोठा धक्का आहे, जुनं बंदर ते. तिथं चालताना जमिनीत बसवलेल्या काचेच्या छोट्या छोट्या पट्ट्या दिसतात, अशा २००० आहेत. त्यातल्या १७१० पट्ट्यांवर एकेका जहाजाचं नाव आणि साल, म्हणजे नांतमधून गुलाम आणायला निघालेल्या सफरी, आणि बाकीच्या २९० पट्ट्यांवर ती जहाजं जिथं जिथं लागली त्या बंदरांची नावं. खाली वाकून वाचत गेलं की जहाजांना किती गोड गोड नावं दिली होती ते कळतं, देवाधर्माची, बायकामुलींची. धक्क्याच्या खाली, पाण्याला लागून, लांब बोगद्यासारखं स्मारक आहे, २०१२ साली सुरू झालं, तिथं काचेवर गुलामगिरीच्या विरोधात लिहिलेले उतारे आणि जगातल्या किती तरी भाषांत स्वातंत्र्य हा शब्द. नदीचं पाणी फटीतून दिसत असतं आणि आवाज येत असतो. तिकीट नाही.

आता आकडे. गुलाम आणायला फ्रान्समधून जेवढ्या सफरी झाल्या त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त एकट्या नांतच्या. बोर्दो, ला रोशेल, ल हाव्र ही सगळी बंदरं त्याच्या मागं. नांतच्या जहाजांनी नेलेली माणसं साडेचार लाखांच्या वर भरतात. आणि सगळ्या देशांचा मिळून अटलांटिक समुद्रावरचा हिशोब धरला तर साधारण सव्वा कोटी माणसं जहाजावर चढवली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली. मधली अठरा लाख वाटेतच गेली, रोगानं, उपासमारीनं, मारानं, आणि काहींनी स्वतः समुद्रात उड्या टाकल्या. मी हे आकडे पुन्हा पुन्हा लिहून बघितले. व्यापारात घट धरतात ना, माल हलवताना एवढी तूट येणारच म्हणून, तशी ते लोक माणसांची घट आधीच धरून चालत होते, वहीत तसं मांडत होते. निरोगी तरुण पुरुष म्हणजे एक नग, लहान पोर किंवा वय झालेलं माणूस म्हणजे नगाचा काही भाग, असाही हिशोब या धंद्यात चालायचा.

आणि एकट्यादुकट्या दुष्ट माणसाचं हे काम नव्हतं. एक जहाज सजवायचं म्हणजे भांडवल मोठं, सफर वर्ष सव्वा वर्षाची किंवा त्याहून लांब, म्हणून मुख्य व्यापारी त्यात भागीदार घ्यायचा, शहरातले पैसेवाले लोक त्यात हिस्से घ्यायचे. शिवाय दोरखंड वळणारे, पिंपं करणारे, बिस्किटं भाजणारे, साखर शुद्ध करणारे कारखाने, सगळं शहर त्यावर जगत होतं. त्यामुळं अमुक एक हवेली गुलामांच्या पैशाची आणि शेजारची स्वच्छ, असं म्हणायची सोय तिथं फारशी उरत नाही. तरी काही घरांची मालकी अगदी सरळ आहे. तुमच्या लेखात ज्या घराचा मोठा फोटो आहे ना, तांप्ल द्यु गू, ते १७५० च्या दशकातलं घर गियोम ग्रू या व्यापाऱ्यानं बांधलं आणि हा ग्रू म्हणजे त्या काळचा नांतमधला गुलामांचा बडा व्यापारी. फोटोखाली त्याचं नाव छापलंय, धंदा नाही छापला.

ती घरं आज थोडी कललेली दिसतात. रेताड बेटावर लाकडी पाया घालून बांधली, म्हणून खचली. बेटाभोवतीचे नदीचे फाटे विसाव्या शतकात बुजवले त्यामुळं आता तिथं पाणी नाही, ट्राम जाते. खिडक्यांच्या वर जे दगडी चेहरे आहेत त्यात समुद्राचा देव आहे, वारा फुंकणारे आहेत, दाढीवाले दर्यावर्दी आहेत, आणि शहरातल्या अशा चेहऱ्यांत आफ्रिकन माणसांचेही आहेत. घरमालकानं पैसे देऊन कारागिराकडून कोरून घेतलेत, दारावर मिरवायला. ते बघून माझी मुलगी म्हणाली, बाबा यांना लपवायचं नव्हतंच काही. खरं आहे ते. लपवायला नंतरच्या लोकांनी सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल कोल्हापूरच्या वाचकाला याचं काय. आपल्याच वाचकाला हे सगळ्यात आधी कळेल असं मला वाटतं कारण ही उसाची गोष्ट आहे. गुऱ्हाळ ज्यानं बघितलंय, रात्रभर चुलवाण पेटतं, एका काहिलीतला रस दुसऱ्या काहिलीत, गुळव्या उभा राहून नुसत्या रंगावरून आणि बुडबुड्यावरून ओळखतो, तोडलेला ऊस पडून राहिला की रस आंबतो म्हणून घाणा थांबवता येत नाही, त्याला सँ दोमँग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या साखरेच्या घरात काय चालत असेल ते डोळ्यांपुढं आणायला वेळ लागणार नाही. तेच काम, तशीच ओळीनं मांडलेली उकळती भांडी. फक्त आपल्या गुळव्याला मान आहे, मजुरी आहे, हंगाम संपला की घर आहे. तिथं हंगामात रात्रंदिवस पाळ्या, झोपेनं डुलकी लागली आणि हात घाण्याच्या लाटेत गेला तर तो तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची म्हणजे घाणा बंद पडायला नको. हे कुणी रागानं रचलेलं नाही, त्या काळात मळे बघून आलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय. पळून जाणाऱ्याचे कान कापायचे आणि खांद्यावर तापलेल्या लोखंडानं डाग द्यायचा ही शिक्षा तर फ्रान्सच्या राजाच्या १६८५ च्या कायद्यातच लिहिलेली आहे, कोद न्वार नाव त्याचं.

हे सँ दोमँग म्हणजे आजचा हैती देश. १७८९ च्या सुमाराला तिथं जवळपास पाच लाख गुलाम होते आणि युरोपात खपणाऱ्या साखरेतली साधारण ४० टक्के साखर त्या एवढ्याशा वसाहतीतनं यायची. माणसं मरायची इतकी की जन्मानं संख्या टिकतच नव्हती, म्हणून नवीन जहाजं सतत लागायची, नांतची भरभराट झाली ती यामुळं. शाहूपुरीच्या पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला साखरेचा हा जमाखर्च वाचताना पोटात कालवतं.

आणि दुसरी गोष्ट, ही मला तिकडच्या म्युझियममध्ये कळली आणि त्याचा धक्का अजून गेलेला नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात हे लोक देत काय होते तर बंदुका, दारू, लोखंडाच्या सळया, आणि सगळ्यात जास्त कापड. मालाच्या किमतीत कापडाचा वाटा कित्येकदा निम्म्याच्या वर असायचा आणि त्यातलं चांगलं कापड आपलं होतं, हिंदुस्थानातलं. पुदुच्चेरीकडचं निळीत रंगवलेलं, सुरतेकडचं, बंगालचं. युरोपात त्याच्या नकला करून बघितल्या पण आफ्रिकेतले व्यापारी हात लावून, वास घेऊन ओळखायचे आणि नकली माल परत करायचे. फ्रान्समध्ये १६८६ ते १७५९ आपलं छापील कापड वापरायला बंदी होती पण आफ्रिकेला पाठवायला सूट होती, म्हणजे बघा. फ्रेंच कंपनी आपल्याकडून आणलेल्या मालाचे लिलाव आधी नांतमध्येच करायची, १७३० च्या दशकात ते लोरियां बंदरात गेले.

शिवाय कवड्या. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या बंगाल आणि सिलोनमार्गे जहाजाच्या तळाला वजन म्हणून भरून युरोपात जायच्या आणि तिथून पिंपांतून पश्चिम आफ्रिकेला, कारण तिथं कवडी हे चलन होतं. हजारो कवड्यांना एक माणूस. आपल्याकडं आई भवानीच्या भुत्याच्या गळ्यात जी माळ असते तीच ही छोटी पांढरी पिवळसर कवडी. म्युझियमच्या काचेमागं ती बघितली तेव्हा हात आपोआप जोडायला गेला आणि तसाच राहिला.

म्हणजे आपल्या विणकरांनी, रंगाऱ्यांनी काही पाप केलं असं मी म्हणत नाही, त्यांना आपलं कापड कुठं जातंय हे कळायला मार्गच नव्हता आणि त्यांच्या हातात पडत होतं तेही तुटपुंजं. पण तो सौदा आपल्या मालावर झालाय तर तो वाचायचा हक्क आणि जबाबदारी आपल्याला आहेच ना. "परदेशातलं सुंदर शहर" एवढ्यावर आपण कसं सुटणार.

लेखाबद्दल बोलताना आमच्या कट्ट्यावर दोघं तिघं म्हणाले की त्या काळी सगळेच करत होते, आजच्या मापानं कशाला मोजायचं. सगळे करत नव्हते. ज्यांना विकलं ते तर नव्हतेच करत, त्यांना कुणी विचारलं का? जहाजांवर बंडं व्हायची म्हणून तर डेकवर अडसर बांधून तोफा रोखून ठेवायचे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ दोमँगचे गुलाम उठले, पुढं नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. फ्रान्सनं क्रांतीच्या भरात १७९४ ला गुलामगिरी बंद केली होती, ती नेपोलियननं १८०२ ला परत आणली, कायमची गेली १८४८ ला. मधल्या काळात व्यापार बेकायदा ठरल्यावरही नांतची जहाजं चोरून जातच होती, तेव्हा त्या काळच्या मापानंसुद्धा तो गुन्हाच होता की. आणि खतावणीचा शेवट बघा, १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून हैतीकडं १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून. पुढं ते ९ कोटींवर आणलं, पण त्यासाठी काढलेली कर्जं तो गरीब देश विसाव्या शतकापर्यंत फेडत बसला. ज्यांनी फुकट राबून दिलं त्यांनीच वर पैसे भरले. असा जमाखर्च मी उभ्या आयुष्यात बघितला नाही.

दुसरं म्हणणं असं की त्यांनी दानधर्म केला, शहरं घडवली. इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदरात कोल्स्टन नावाचा व्यापारी होता, शाळा काढल्या, म्हाताऱ्यांना घरं बांधली, १८९५ ला त्याचा पुतळा उभारला. तो ज्या कंपनीत होता तिनं त्याच्या काळात साधारण ८४ हजार माणसं नेली आणि त्यातली १९ हजार वाटेत मेली असा अंदाज आहे. पुतळ्याखाली यातलं काही नव्हतं, फक्त पुण्यवान आणि शहाणा वगैरे. लोकांनी वर्षानुवर्षं नुसता फलक बदला म्हणून मागणी केली, शब्दांवर भांडणं होत राहिली आणि शेवटी ७ जून २०२० ला लोकांनी पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात टाकला. तो आता म्युझियममध्ये आडवा ठेवलाय रंगाच्या डागांसकट. पाडायला नको होता असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी फलकाचं आधी मनावर घ्यायला पाहिजे होतं.

नांतनंही हे काही आनंदानं केलेलं नाही. १९८५ ला कोद न्वारला ३०० वर्षं झाली तेव्हा काही लोकांना कार्यक्रम करायचा होता तर नगरपालिकेनं साथ दिली नाही. मग १९९२ ला तिथल्या किल्ल्यात मोठं प्रदर्शन भरलं, दोन वर्षं चाललं, काही लाख माणसं येऊन गेली. १९९८ ला धक्क्यावर एका गुलाम बाईचा पुतळा बसवला तर थोड्याच दिवसांत रात्री कुणीतरी तोडला. त्यानंतर शहरानं ठरवलं की आता कायमचं स्मारक करायचं, ते व्हायला १४ वर्षं लागली. आज किल्ल्यातल्या म्युझियमपासून स्मारकापर्यंत रस्त्यानं माहितीचे फलक आहेत. त्या म्युझियममध्ये मारी सेराफिक नावाच्या जहाजाचं जुनं चित्र आहे, तीनशेवर माणसं आत कशी लावून ठेवली होती ते वरून दाखवलंय, एकेक माणूस सुटा काढलाय. मालकाच्या माणसांनी अभिमानानं काढून घेतलेलं चित्र आहे हो ते. त्याच्या पुढं मी बराच वेळ उभा होतो, शाळेची मुलं येत होती, त्यांची बाई त्यांना सगळं सरळ सांगत होती, आणि मुलं ऐकत होती, कुणाची फ्रान्सवरची माया कमी झालेली दिसली नाही.

आपल्याकडं बघा. कोल्हापूरची निम्मी मंडळी सुट्टी लागली की गोव्याला, तिथली जुनी पोर्तुगीज काळातली घरं बघतो, फोटो काढतो. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव व्हायचा हे १५८० च्या दशकात तिथं राहिलेल्या डच प्रवाशानं लिहून ठेवलंय आणि मोठ्या घरांतून मोझांबिककडून आणलेली आफ्रिकन माणसं राबत होती. कुठला गाईड सांगतो? मुंबईतले कित्येक जुने बंगले आणि देणग्या चीनला विकलेल्या अफूच्या आहेत. आणि आपल्या मराठी मुलखात पेशवाईच्या काळात कुणबिणी, बटकी विकत घेतल्याच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी मोडी कागदात आहेत, मोडी वाचणारे जाणकार सांगतील. वाडा म्हटलं की आपण चौक, लाकडी खांब, झुंबर, कोठीघर सांगतो, त्या कोठीघरात दळत बसलेली बाई कुणाची कोण होती ते सांगत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी वेठबिगारी बंद केली, १९१८ ला महार वतनं रद्द केली, त्या गावच्या पेपरानं तरी दुसऱ्याच्या फुकट राबण्यावर बांधलेल्या घराची नुसती नक्षी छापू नये.

माझी तक्रार लेखकावर नाही. ट्रॅव्हल कंपन्यांची छापील माहिती, इंटरनेटवरच्या याद्या, सगळीकडं हेच गुळगुळीत लिहिलेलं असतं आणि त्यावरनंच पुढचा लेख तयार होतो. म्हणून संपादकांकडं मागणी आहे. पुढच्या एखाद्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात नांतचा दुसरा भाग छापा, त्यात धक्क्यावरच्या काचेच्या पट्ट्यांचा फोटो असू दे, जहाजाचं ते चित्र असू दे, आणि तांप्ल द्यु गूच्या फोटोखाली ग्रूचा धंदा लिहा. लेखक तयार नसतील तर मी आणि मुलगी मिळून मजकूर देतो, मानधन नको. आणि कोल्हापुरातनं युरोपच्या सहली काढणारे हे वाचत असतील तर पॅरिसहून नांत रेल्वेनं साधारण दोन सव्वादोन तास, स्मारक स्टेशनपासून लांब नाही, ट्रामनं जाता येतं, हवेल्या दाखवायला नेताच आहात तर पुढं धक्क्यापर्यंत न्या आणि तासभर थांबू द्या लोकांना.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दिवाणजी,
शाहूपुरी, कोल्हापूर